सिद्रामप्पांचं मृत्युपत्र

निवेदिता बाळाला मऊभात भरवत होती, तेवढ्यात फोन आला.

"लगेच ये गं. चन्नवीर आलाय. घर सोड म्हन्तोय." चुलतसासूबाईंचा, अक्कम्माकाकूंचा आवाज होता.

बाळाला कडेवर टाकून ती बाळीवेशीतल्या काकूंच्या घरी पोचली. चन्नवीर तिचा चुलतदीर. विधवा काकूंची विचारपूस त्याने आजवर कधी केली नव्हती. आज मात्र त्याला आजोबांचा भलताच उमाळा आला होता. शेजारी एकनाथ देशमाने. स्वतःला 'वंशसंशोधक' म्हणवणारा हा गृहस्थ लोकांची जुनी मृत्युपत्रं शोधून द्यायचा. बोटांत चार अंगठ्या, तोंडात पान.

"सकाळीच मोहोळच्या मळ्यात जाऊन मामंजींच्या समाधीवर फुलं ठिवून आले," काकू म्हणाल्या, "आन् दारात हे दोघं."

एकनाथने कागद पुढे केला. काकूंच्या सासऱ्यांचं, म्हणजे चन्नवीरच्या आजोबांचं, सिद्रामप्पांचं मृत्युपत्र, सन एकोणीसशे एकोणसत्तर. ते लॅमिनेट केलेलं. जुन्या कागदांचा जाणकार म्हणे!

"कुठे सापडलं?" निवेदिताने विचारलं.

"एका जुन्या दप्तरात. गाठ मी स्वतः सोडली."

"नोंदणी? मी घराण्याचा इतिहास लिहितेय. निबंधक कार्यालयात मृत्युपत्रांची सूची पाहिलीय, त्यात हे नाही."

"त्या काळी माणसं प्रामाणिक होती हो, ताई. नोंदणी कोण करायचं?"

"साक्षीदार?"

"वारले."

"लिहिणारा?"

"तोही वारला."

"सगळे अगदी सोयीने वारले."

चन्नवीर उखडला. "वहिनी, पोराला सांभाळा. कोर्टाची भाषा तुमचं काम न्हाय. घर माझ्या वडलांना दिलंय, स्पष्ट लिहिलंय की!"

"तुम्ही पूर्ण वाचलंत, भावजी?"

"दहा वेळा!"

निवेदिताने मोठ्याने वाचलं. देवाचं नाव, मग शेत, मग बाळीवेशीतलं घर. खाली: 'माझे अंत्यविधी रीतीप्रमाणे करावेत, अस्थी चंद्रभागेत सोडाव्यात, बाकी सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे.'

बाळाने कागद ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग ती हसली.

"काकू, तुमच्या मामंजींना माती दिली तेव्हा तुम्ही होतात?"

"व्हय की. नवी सून होते. मळ्यातच बसवून पुरलं, गळ्यात लिंग तसंच ठिवून. आमच्यात जाळतात व्हय कुटं?"

"मग अस्थी कुठून येणार?"

एकनाथचं पान चघळणं थांबलं.

"लिंगायत माणूस मरताना असं सांगेल?" निवेदिता म्हणाली. "सिद्रामप्पांनी हे सांगणं शक्य नाही. घरातलं कुणी लिहिलं असतं, तरी हे वाक्य आलं नसतं. म्हणजे लिहिणारा बाहेरचा. त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्यातरी घराण्याचं जुनं मृत्युपत्र होतं, ज्यांच्यात मृताला जाळतात. त्यावरून त्याने मजकूर उतरवला, नावं नि जमीन तेवढी बदलली. जुनी मृत्युपत्रं गोळा करायचा धंदा या खोलीत कोण करतं?"

"हा बदनामीचा प्रकार आहे!" एकनाथ उठला. "मला चन्नवीरनेच ट्रंकेतून काढून दिलं."

"दप्तराची गाठ तर तुम्ही सोडली होती ना?"

चन्नवीरने त्याची कॉलर धरली. "ओ देशमाने! अस्सल नमुन्यावरून उतरवतो, कुणाच्या बापाला कळणार न्हाय, असं तुम्हीच म्हणालात की!"

आपण काय बोललो, ते चन्नवीरला सगळ्यात शेवटी कळलं.

"दहा वेळा वाचलंत, भावजी," निवेदिता म्हणाली, "पण घरापर्यंतच. आजोबांच्या अंत्यविधीचं काय लिहिलंय, ते वाचायची तुम्हाला गरजच वाटली नाही."

तिने पोलिसांना फोन लावला. चन्नवीर काकूंच्या पायाशी वाकला. "काकू, चुकलं."

अक्कम्माकाकूंनी पाय मागे घेतले.

"पोलीस येईस्तोवर दोघं भाईर हुबं ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात न्हाय."