बोटीवरचा चौथा

सुभाष दामलेच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत त्याच्या डोक्यात शिरली बोट. साधीसुधी नव्हे; अमेरिकेतल्या वाळवंटात, लाल कड्यांच्या मधोमध अडवलेल्या मैलोन्‌मैल पाण्यावर फिरणारी हाउसबोट. वर गच्ची, मागे घसरगुंडी, आत स्वयंपाकघर. ऑफिसात कुणीतरी फोटो दाखवले आणि त्या दिवसापासून आमचे सुभाषराव लंडनजवळच्या पिनरच्या घरात फक्त झोपण्यापुरते उरले.

जेवणाच्या टेबलावर धरणाचा भलामोठा नकाशा पसरला. पाणी निळं, बाकी सगळं तांबडं, आणि तांबड्यात घुसलेल्या अरुंद दऱ्या. ताटं नकाशावरच मांडावी लागत. एका दरीवर आमटी सांडली, तर सुभाषने पहिला मुक्काम तिथेच करायचं जाहीर करून टाकलं.

त्याच्या बायकोला, देवयानीला, मात्र हा बेत मुळीच पसंत नव्हता. ती लंडनमध्ये विम्याच्या कंपनीत होती. कुठे काय बिघडू शकतं याचा अंदाज बांधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. फोटोंमध्ये कड्यांच्या पायथ्याशी एक पांढरा पट्टा होता, पाणी पूर्वी कुठवर चढलेलं असायचं ते दाखवणारा. तिची नजर दर वेळी तिथेच जाई. पाण्याखाली काय काय बुडालंय ते सुभाष हौसेने वाचून दाखवायचा. तिला एकच दिसायचं: नऊ वर्षांची मनाली बोटीच्या कठड्याशी उभी, आणि आपली पाठ वळलेली. एकुलती एक पोर. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

"लाइफ जॅकेट असतात गं," सुभाष म्हणे. "उगाच चालत्या गाडीला खीळ घालू नकोस."

गाडीला खीळ बसली ती वेगळीच. गच्ची आणि घसरगुंडीवाली बोट हवी तर किमान चौघं लागत होते. दामले तीन.

त्या रविवारी सुभाषची सुप्रभाआत्या जेवायला आली होती. आत्या जवळच हॅरोला राहायची. हॉस्पिटलात सिस्टर म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेली. अंधश्रद्धेचं नाव काढलं तर अंगावर यायची. पण तिघंच जाणार म्हटल्यावर तिचा घास हातातच राहिला.

"तिघं? तीन तिघाडा काम बिघाडा. चौथी सुपारी तरी घ्या बरोबर."

"आत्या, तुम्हीसुद्धा?" देवयानीला हसू आलं.

"पाळायला काय जातंय? सुपारी नसेल तर खडा घ्या. चौथा म्हणून खिशात टाकायचा आणि विसरून जायचं. आलात की जिथला तिथे नेऊन ठेवायचा." मग जरा थांबून ती म्हणाली, "खडा तो खडाच राहू द्यायचा मात्र. त्याचे लाड नाही करायचे."

घरात सुपारी नव्हती. दुपारी सगळे रायस्लिपच्या तळ्यावर फिरायला गेले. तळं म्हणजे खरं तर जुनं धरणच. पाणी अडवलं तेव्हा तिथली एक वस्ती त्याखाली गेली म्हणतात. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. पाणी मागे हटलं होतं आणि एरवी कधी न दिसणारा चिखल उघडा पडला होता. मनाली चिखलात उतरली आणि तिच्या मुठीत मावेल असा राखाडी, गुळगुळीत दगड घेऊन वर आली.

"ह्याला नाव पाहिजे," ती म्हणाली. "हा रवी आहे. तो पण नऊ वर्षाची आहे, माझ्यासारखी." मनालीचं मराठी असंच. तो-ती-ते तिने कधी फारसं मनावर घेतलं नाही.

सुभाषला मात्र ते नाव ऐकून एकदम सुचलं. घरी येऊन त्याने कॉम्प्युटर उघडला आणि बुकिंग ठोकलं. चौथा प्रवासी रवी दामले, वय नऊ. लाइफ जॅकेटसाठी वजन विचारलं होतं, तिथे मनालीचंच टाकलं.

"अरे, खोटं काय लिहितोस?" देवयानी म्हणाली.

"आत्यानेच सांगितलं ना चौथा धरायला? धरला."

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "नाव कशाला दिलंत त्याला?" ती म्हणाली. पण सुभाषने बटण दाबलं होतं.

दगड स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसला. काही दिवसांनी देवयानीला त्याच्याखाली ओलं वर्तुळ दिसलं. तिने पुसलं. संध्याकाळी ऑफिसातून आली तर पुन्हा ओलं. एप्रिलमध्ये होजपाइप बॅन लागला, म्हणजे बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली, बागेतलं गवत पिवळं पडलं, आणि खिडकीत रोज पाणी. दगड पाणी धरून ठेवत असेल, तिने मनाशी म्हटलं. हाताला तो नेहमीच गार लागायचा, कितीही ऊन असलं तरी.

मे महिन्यात बोटवाल्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला. मोठी गोड बाई. तुम्ही कधी पोचाल वगैरे विचारून झाल्यावर ती हसत म्हणाली, "तुमचा मुलगा फारच गुणी आहे हं. फोन करून विचारत होता, पाणी किती खोल आहे आणि खाली घरं आहेत का."

फोन ठेवून देवयानी तडक मनालीकडे गेली. "मनू, बोटवाल्यांना तू फोन केलास?"

"मी नाही." मनाली नकाशावर बोट फिरवत होती. "रवीने केली असेल. तो मला सारखा विचारते, बोटीवर मनालीचा बेड कुठला. त्याला तिथे झोपायचंय."

"आणि तू कुठे झोपणार?"

मनालीने खांदे उडवले. "तो म्हणते, ते तो बघेल."

मुलं असं काहीबाही बोलतातच. देवयानीने ते सोडून दिलं, म्हणजे सोडून द्यायचा प्रयत्न केला. पण एका शनिवारी शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, तुमची दोन्ही मुलं बागेत किती शहाण्यासारखी खेळतात, आणि मुलगा तर किती शांत. दुसऱ्याच दिवशी सुभाष जुन्या सामानाच्या रविवारच्या बाजारातून, कार बूट सेलमधून, लहान मापाची दोन लाइफ जॅकेट घेऊन आला.

"दोन कशाला?"

"कशाला म्हणजे? दोघांना नकोत?" एवढं बोलून तो स्वतःच थांबला. त्याने हातातल्या दुसऱ्या जॅकेटकडे पाहिलं, खोटं हसला आणि ते गराजमध्ये टाकून आला.

जूनमध्ये एका संध्याकाळी मनाली सोफ्यावर झोपून गेली. वर नेऊन निजवावं म्हणून देवयानीने तिला उचललं, आणि तोल जाऊन एक पाऊल मागे पडली. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसं झालं. पोरगी अंगाने होती तशीच, गालाला गाल भिडले तर ऊबही तीच. पण वजन म्हणून नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. वाढत्या वयात मुलं अशी बारीक होतातच, म्हणाले. बारीक कुठे झाली होती ती?

त्याच आठवड्यात खिडकी पुसायला देवयानीने दगड उचलला, आणि तिला दुसरा हात लावावा लागला. आकार तेवढाच, मुठीत मावणारा. दोन्ही हातांनी तो जेमतेम सिंकपर्यंत नेला. मग ती सिंकची कड धरून उभी राहिली. ती घाबरली होती, लहान मूल अंधाराला घाबरतं तशी. आणि हे सांगणार कुणाला?

शेवटी सुभाषला सांगितलं. त्याने दगड हातात घेतला, लगेच खाली ठेवला. "दगडच तो. जड असणारच," म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग तिने स्वतःच बोटवाल्यांना फोन लावला. इकडे संध्याकाळचं ऊन होतं, तिकडे सकाळ. तीच गोड बाई.

"रवी दामले हे नाव काढून टाका," देवयानी म्हणाली. "चूक झाली आमची. असा मुलगाच नाही."

"पण मॅडम, कालच बोलले की मी त्याच्याशी. तो म्हणाला, मनाली येणार नाहीये. मी तिचं जॅकेट कॅन्सलसुद्धा केलं."

देवयानीने फोन ठेवला आणि लगेच आत्याला लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही.

"आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "जिथून उचललात तिथे ठेव, अलगद. आणि देवयानी, पोरीला नेऊ नकोस. माझ्याकडे सोड."

बरोबरच होतं. पण मनालीला नजरेआड करायची देवयानीची छाती होईना. महिनोन्‌महिने तिला हीच भीती: आपली पाठ वळेल, आणि तेवढ्यात. नाही. पोर आपल्यासमोर हवी. तिने मनालीला गाडीत बसवलं.

सुभाष गाडी चालवत होता. पिशवीतला दगड देवयानीच्या मांडीवर होता आणि रायस्लिप येईपर्यंत तिच्या मांड्या बधिर झाल्या. स्कर्ट भिजला होता.

तळ्यावर गर्दी होती. आइस्क्रीमची व्हॅन, वाळूत खेळणारी मुलं, संध्याकाळ असूनही लख्ख उजेड. कुणाला भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. पाणी आणखी मागे गेलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या.

मनालीला जागा बरोबर आठवत होती.

"आई, मला त्याला बाय करू दे."

"नको, मनू."

"प्लीज. एकदाच. तो वाट बघते."

सुभाष म्हणाला, "करू दे गं. लहान आहे."

मनालीने पिशवीतून दगड घेतला. एका हाताने घेतला, लीलया. छातीशी धरला, त्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. देवयानीने नजर हलवली नाही. पापणीही लववली नाही.

"बस झालं. दे इकडे."

मनाली हलली नाही.

"मनाली!"

देवयानीने दगड हिसकावून घेतला. आणि काय सांगावं, तो हलका होता. अगदी हलका. संपलं, तिला वाटलं. सुटलो. आत्याने ठेव म्हणून सांगितलं होतं, पण महिनोन्‌महिन्यांचा राग तिच्या हातात उतरला आणि तिने तो होता नव्हता तेवढा जोर लावून पाण्यात भिरकावला.

लांब कुठेतरी डुबुक झालं.

"आपण छोटीच बोट घेऊ," परतताना सुभाष म्हणाला. "तिघांची."

"घेऊ," देवयानी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. तिने मागे वळून पाहिलं. मनाली सीटवर झोपली होती, केस कपाळावर आलेले, ओठ अर्धवट उघडे. तिचीच मनाली.

घर आलं. देवयानीने मागचं दार उघडून पट्टा सोडवला. सीटवर, पोरीच्या अंगाखाली, ओलं वर्तुळ होतं.

बाटली सांडली असेल.

तिने एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं.

पोर हलली नाही.

तिने पुन्हा जोर लावला. मान हाताला गार लागली.

"सरक, मी घेतो," सुभाष म्हणाला. तो वाकला, लाल झाला, दारावर हात टेकून सरळ उभा राहिला. "काय खाऊ घालतेस गं हिला?" तो धापा टाकत हसला.

देवयानी हसली नाही. ती आपल्या तळहातांकडे बघत होती. तळ्यावर तिने हिसकावून घेतला तेव्हा तो दगड केवढा हलका लागला होता. आणि कोमट.