जाड आकडा

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरात घडली ती सुचेता नवघरला आमच्याच जिन्यावर राहते. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

साल १९९८. मे महिना. रात्रबित्र नाही... भर दुपार.

सुचेता घरी कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घ्यायची. नवरा कौस्तुभ सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर घरात ती आणि ते मशीन. तेव्हा तिच्याकडे भाईंदर गावातल्या जुन्या कोळी मंडळींच्या आठवणींचं पुस्तक आलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कॅसेटवर होतं. तिने ते ऐकून टाइप केलं. आता फक्त शेवटची सूची राहिली होती, म्हणजे कुणाचं नाव कुठल्या पानावर.

काम सोपं. मजकुरातल्या एकेका नावावर खूण करायची. पानांचे आकडे वर्ड स्वतः गोळा करतो. काही बदललं की एफ-नाइन दाबायचं, सूची ताजी. मराठी फॉन्टमुळे नावं क-ख-गच्या क्रमाने लागायची नाहीत, तो वैताग वेगळाच.

गावाने एक गोष्ट बजावून सांगितली होती. जे गेले, त्यांच्या पानांचे आकडे जाड. जे आहेत, त्यांचे बारीक.

सुचेताने खुणा संपवल्या. एफ-नाइन दाबलं.

सगळ्यात खाली एक नाव आलं... लीलाधर.

हे नाव तिने टाइपच केलं नव्हतं.

तिने अख्ख्या फाइलमध्ये शोधून पाहिलं. नाही. ओळ पुसली, परत एफ-नाइन. ओळ परत आली.

तिने त्या नावापुढच्या आकड्यांची पानं उघडली. सगळी इंदुबाईंची निघाली. इंदुबाईंचा नवरा दहा वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो आलाच नव्हता. होडी सापडली, माणूस नाही. इंदुबाई अजून कुंकू लावायच्या. कॅसेटवर त्यांनी नवऱ्याचं नाव कुठेच घेतलं नव्हतं. नुसतं ‘हे’. ‘हे म्हणाले’, ‘हे निघाले’. आणि जिथे ‘हे’ होतं, बरोबर तीच पानं सूचीत होती.

छुप्या खुणा दाखवणारं बटण तिने दाबलं. बाकी प्रत्येक नावाशेजारी खूण होती. ‘हे’च्या शेजारी काहीच नव्हतं.

तिने कॅसेट लावली. इंदुबाईंचा आवाज... ‘हे’ म्हणायच्या आधी जरासा थांबलेला. आणि त्या थांबण्यात, मागे कुठेतरी...

एक पुरुष खाकरला.

प्रत्येक ‘हे’च्या आधी. टाइप करताना ते तिच्या कानावर कधीच आलं नव्हतं.

पंखा चालू होता, तरी वारा लागेना. सुचेता म्हणते, मी घाबरलेसुद्धा नाही. हातपाय कुणा दुसऱ्याचे असावेत तशी बसून होते.

बेल वाजली. दारात इंदुबाई. स्टेशनजवळच्या बाजारात सुका जवळा विकून परत जाताना पुस्तक कुठवर आलं ते बघायला त्या डोकवायच्या.

“मावशी, तुम्ही बोलत होतात तेव्हा घरात अजून कोण होतं?”

“कोन न्हाय गो. मी एकटीच.”

“आणि लीलाधर कोण?”

इंदुबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

“तुला कोनी सांगितलं नाव?” मग त्या कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आल्या. वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं. “आकडं बारीक हायत ना?”

“बारीक आहेत.”

“मंग हायत ते.” त्यांचा चेहरा असा उजळला की सुचेताला बघवेना. “र्‍हाऊ दे तसंच. पुस्तकात येऊ दे.”

“राहू देते. पण तुम्ही एकदा तोंडाने सांगा. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?”

“नवऱ्याचं नाव घेऊ नये. त्यांचं आयुष्य कमी होतं.”

सुचेता हसली. “काय मावशी! मी कौस्तुभला दिवसातून दहादा नावाने हाक मारते. धडधाकट आहे.”

इंदुबाईंनी दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

“लीलाधर,” त्या म्हणाल्या.

सुचेताने एफ-नाइन दाबलं.

आकडे जाड झाले.

एफ-नाइनखेरीज तिने कशालाही हात लावला नव्हता. इंदुबाई नुसत्या बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या. जवळ्याची टोपली उचलली आणि निघाल्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

सुचेताने चहा ठेवला. तो उतू गेला तरी ती तशीच उभी. मग तिने कॅसेट पुन्हा लावली. इंदुबाई बोलत होत्या. ‘हे’च्या आधी थांबत होत्या...

मागे कुणी खाकरत नव्हतं.

ती कॅसेट बंद करायला वळली, तेव्हा सूचीत आणखी एक ओळ होती.

कौस्तुभ. आकडा बारीक.

ते शेवटचं पान होतं. तिथे कौस्तुभचं नाव नव्हतंच. फक्त ‘अक्षरजुळणी : सौ. सुचेता’.

पुस्तक छापलं गेलं. प्रिंटवरच्या त्या दोन ओळी तिने कागद चिकटवून झाकल्या. फाइलमधून मात्र त्या आजवर गेल्या नाहीत. ती ओळ आली त्याच संध्याकाळी कौस्तुभला दार उघडताना ती म्हणाली, “अहो, आलात?”

“अहो काय? आई आलीये का घरात?” कौस्तुभ हसत सुटला.

आता त्यालाही सवय झालीये. लोक म्हणतात, सुचेता सुधारली.

पण रोज संध्याकाळी, तो यायच्या आधी, ती मशीन चालू करते. ती फाइल उघडते. एफ-नाइन दाबते आणि बघते.

काल तिने मला सांगितलं, अजून बारीक आहे.

आज मी विचारलं नाही.