मालनआत्याचा वाटा

घरात कोणाचाही फोटो काढला, की त्यातला एक मालनआत्याच्या डब्यात जायचा. का, हे विचारायचं नाही.

घाटकोपरच्या भटवाडीत, सातव्या मजल्यावरच्या घाडीगावकरांच्या घरात हा नियम श्वेताच्या जन्माआधीपासून होता. फोटो रेशनकार्डाचा असो, हॉलतिकिटाचा असो, नाहीतर बाळाकाकांच्या ज्येष्ठ नागरिक पासाचा असो, एक प्रत देवाच्या फळीखालच्या बिस्किटांच्या गोल डब्यात. मालनआत्या म्हणजे बाळाकाकांची थोरली बहीण, श्वेताच्या जन्मापूर्वीच गेलेली. याउपर घरात कोणी बोलत नसे. श्वेताने सहाव्या वर्षी विचारलं, तेव्हा आजोबा, म्हणजे अण्णा, ‘जेव’ म्हणाले. बाराव्या वर्षी विचारलं, तर ‘अभ्यास कर’. एकविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ऐका. रविवारची दुपार होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता श्वेताची व्हिसाची अपॉइंटमेंट होती. जर्मनीतलं कॉलेज सप्टेंबरात सुरू होणार, आणि ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. म्हणजे वर्ष गेलंच. फाइल तयार होती, फक्त दोन फोटो राहिले होते. तशी ती मागच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन आली होती. तिथल्या माणसाने न सांगता तिला चार छटा गोरी केली, गालावरचा तीळ पुसला आणि वर म्हणाला, “लग्नाला पण चालेल मॅडम.” श्वेताने ते पाकीट त्याच्याच काउंटरवर ठेवलं आणि ठरवलं, फोटो घरीच काढायचा, घरीच छापायचा.

आई आणि बाळाकाकांनी दोन्ही बाजूंनी पांढरी चादर धरली. फोन पिठाच्या डब्यावर उभा केला.

“काका, बोटं दिसतायत तुमची.”

“दिसू देत गं. कळू दे त्यांना, मुलीच्या मागे माणसं आहेत.”

“प्रेमा, ती चादर सरळ धर,” अण्णा दिवाणावरून म्हणाले. त्यांचं वय शहाऐंशी. स्वतः काही धरायचं नाही, पण दुसऱ्याने कसं धरावं ते सांगायचं, हा त्यांचा गिरणीतून निवृत्त झाल्यापासूनचा पूर्णवेळ व्यवसाय होता.

घाडीगावकरांना फोटोत डोळे मिटण्याचा खानदानी आजार होता. बावीस फोटो वाया गेले. तेविसाव्यात श्वेताचे डोळे घुबडासारखे टक्क उघडे आले. तिने तो लॅपटॉपवर घेतला, काकांची बोटं पुसली, चादरीच्या सुरकुत्या पुसल्या, दोन्ही कान दिसतात ना ते पाहिलं. हसायचं नाही हा नियम पाळणं तिला जड गेलं नव्हतं, कारण समोर अण्णा बसलेले होते. पोस्टकार्डाएवढ्या एका कागदावर आठ फोटो बसवले. फोटोचे कागद उरले होते पाच.

जेवून सगळे आडवे झाले. अण्णा दिवाणावर, आई आतल्या खोलीत, काका जमिनीवर पंख्याखाली. घर अगदी शांत झालं. खालच्या मजल्यावर कुकरची एक शिट्टी झाली आणि तीही विरून गेली. काकांनी लॉकडाऊनमध्ये घेतलेला प्रिंटर जरा कुरकुरला, मग कागद ओढून घेतला. कर्र... खट. कर्र... खट. शाईचा ओला वास पसरला. आणि त्या वासाच्या आत आणखी एक वास होता. चेहऱ्याला लावायच्या पावडरचा. जुना, गोडसर. जणू कोणी शेजारीच उभं राहून गालांवर भरभरून थापतंय...

या घरात कोणी पावडर लावत नव्हतं.

कागद बाहेर आला. आठ श्वेता. आठांचेही डोळे मिटलेले.

तिने स्क्रीनवर पाहिलं, तर तिथे टक्क उघडे. कागदावर मिटलेले. तिने प्रिंटरची सफाई केली, साध्या कागदावर चाचणीच्या रंगीत रेघा छापून पाहिल्या. रेघा उत्तम. शाई कमी पडली तर रंग जातो, डोळे मिटत नाहीत, एवढं विज्ञान तिला येत होतं. तिने उरलेले चारही कागद घातले आणि पुन्हा छापायला दिलं.

यावेळी सात श्वेता होत्या. डोळे मिटलेल्या. आठव्या चौकटीत दुसरीच कोणी होती.

कान अण्णांचे होते, सुपासारखे. नाक काकांचं. भांग आईचा, रुंद आणि जरा डावीकडे कललेला. हनुवटीवर श्वेताच्या दहावीच्या हॉलतिकिटावरच्या पुटकुळ्या. वरच्या ओठावर काकांच्या तरुणपणीची बारीक मिशी. आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. खळगेसुद्धा नाहीत. कपाळाची कातडी तशीच गालापर्यंत उतरत आलेली, गुळगुळीत...

पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, दोन्ही कान स्पष्ट, ओठांवर हसू नाही. नियमाने पाहिलं तर हा फोटो श्वेताच्या फोटोपेक्षा सरस होता.

तिच्या मानेवर काटा आला. तो पाठीवरून पार पायांपर्यंत गेला आणि मग, तिच्या बाबतीत नेहमी होतं तसं, भीतीचा राग होऊन वर आला.

“उठा! सगळे उठा आधी!”

काका धडपडत उठले. आई केस बांधत आली. अण्णांनी चष्मा लावून कागद हातात घेतला, आणि ही कोण, असं त्यांनी विचारलं नाही. त्याचीच श्वेताला जास्त भीती वाटली.

“आली...” काका हळूच म्हणाले.

“टाक ना गं एक डब्यात,” आई कुजबुजली. “मग सगळं नीट होतं. पण चांगलासा टाक... डोळे उघडे असलेला.”

“चांगलासा म्हणजे? आजवर कसले टाकलेत?”

श्वेताने डबा ओढला आणि सरळ जमिनीवर उपडा केला. सगळं खानदान फरशीवर पसरलं. लायसनचे काका, रेशनकार्डाची आई, पेन्शनचे अण्णा, बालवाडीतली ती स्वतः. सगळ्यांचे डोळे मिटलेले. स्टुडिओवाला पहिला फोटो काढी तो हमखास असा येई. मग तो दुसरा काढी आणि पहिल्याची वाया गेलेली प्रत तशीच देऊन टाकी. तीच या डब्यात यायची.

“इतकी वर्षं तिला तुम्ही फक्त वाया गेलेले फोटो दिलेत?”

“चांगले कामाला लागतात गं,” आई म्हणाली.

श्वेताला हसू आलं, आणि त्याच क्षणी मागे प्रिंटर कुरकुरला. लॅपटॉप बंद होता. बटणाला कोणी हात लावला नव्हता. कर्र... खट. तिसऱ्या कागदावर चार श्वेता आणि चार त्या. कर्र... खट. चौथ्यावर श्वेता नव्हतीच. आठही त्या. आठ मिशा, सोळा कान, डोळा एकही नाही. पावडरचा वास आता इतका दाट झाला की काकांना शिंक आली.

“देवा म्हाराजा...” काकांनी हात जोडले.

“अण्णा,” श्वेता म्हणाली. “का? आज टीव्ही लावायचा नाही.”

अण्णांनी बोटांनी धोतराची कड चाळवली. मग मालवणीत बोलू लागले. राग आला किंवा लाज वाटली, की ते मालवणीत जात.

“मस्कताक जावचा होता तिका. नर्स म्हणान. माका न सांगता फोटो काढून इली. आठ. पावडर लावन, केस इंचरून...”

“मग?”

“मिया फाडलंय.”

“आठही?”

“आठय.” ते थांबले. “मगे कावीळ झाली. सा म्हयन्यात गेली. भिंतीर लावूक येक फोटो नाय ऱ्हवलो. मगे बाळाच्या लायसनाचो फोटो इलो... तेच्यात डोळेच नाय. तेवापासून देतंव.”

“तिला तुझे डोळे हवेत, श्वेता,” काका म्हणाले. “देऊन टाक बाई. एका फोटोचा तर प्रश्न आहे. शेवटचा कागद उरलाय तुझा.”

“नायतर जाव नको,” अण्णा म्हणाले. “हो कौल असा. तिचो कौल. पोरीन घरात ऱ्हवाचा.”

तिथे श्वेताचं उरलंसुरलं भ्यायचं राहून गेलं.

“तिचा कौल? जिला जायचं होतं, ती दुसरीला जाऊ नको म्हणेल? तो तुमचा कौल आहे, अण्णा. चाळीस वर्षं तोच लावताय, वर नाव तिचं!” तिने उपडा पडलेला डबा पायाने बाजूला सारला. “मी फोटो टाकणार नाही. चांगला नाही, वाया गेलेला नाही, अर्धा कापूनसुद्धा नाही. माझे डोळे उद्या नऊ वाजता मला लागणार आहेत. आणि तिला माझे डोळे कशाला? तिला तिचे नव्हते का? चेहरा तुम्ही फाडलात, तो तुम्ही भरून द्या. घरातल्या पोरींकडून तुकडे गोळा करून नाही.”

“श्वेता, हळू बोल गं...” आई म्हणाली.

“नाही बोलणार हळू.” तिने लॅपटॉप उघडला, प्रिंटरातला शेवटचा कागद नीट बसवला आणि खुर्ची ओढून बसली. “मिशी मी पुसते. पुटकुळ्या घालवते. कान तिचेही तुमच्यासारखेच असतील तर राहू देत, वाईट नाहीत. फक्त डोळे सांगा. मोठे होते? बारीक? घारे? रागावली की कसे करायची? सांगा, मी बसलेय.”

आई या घरात लग्न होऊन आली ती मालन गेल्यावर. ती दाराला टेकून राहिली. काकांनी तोंड उघडलं, बोट वर केलं, मग ते बोट तसंच हळूहळू खाली आणलं. त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग श्वेताच्या खांद्यावरून मागे कुठेतरी. त्यांचे ओठ हलले. मालनचे डोळे कसे होते, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

थोड्या वेळाने अण्णा दिवाणावर हातभर सरकले, कोणी बसायला आलं की माणूस सरकतो तसे. आणि त्या मोकळ्या जागेवरची गादी हळूच खाली दबली.