रोलरपुढचा माणूस

खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे होते, आणि माझा सख्खा मामा त्या रोलरपासून हातभर अंतरावर उभा होता.

आमच्या शहरातल्या मोठ्या बागेचा वर्धापनदिन होता. सूर्य नुकताच मावळला होता. मी तिथल्या मैदानावर मुलींना धावायला शिकवते, म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. मामा लांब, रोलरजवळ. मैदान सपाट करायचं ते यंत्र चालवण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं.

रोलर चालवणाऱ्याला चाकापुढचं काहीच दिसत नाही. म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. तो ओरडतो, "मोकळं का?" पुढे उभा असलेला माणूस नीट पाहून सांगतो, "मोकळं!" त्याशिवाय चाक हलत नाही.

मैदान नवं होतं तेव्हा एकदा हे उत्तर बागेच्या साहेबांनी दिलं होतं. न पाहताच. उद्घाटनाची घाई होती ना!

मामाने रोलर पुढे घेतला... आणि पुढे पाणक्या पालथा पडून नळ जोडत होता.

पाणक्या म्हणजे गवताला पाणी देणारा, मामाचा जिवलग. "दारू पिऊन झोपला होता," अशी अफवा साहेबांनी पसरवली. त्या माणसाने जन्मात थेंबाला शिवलं नव्हतं. मामा घसा फोडून खरं सांगत राहिला, पण बडे लोक ते. साहेबांचं नाव दगडावर कोरलं गेलं आणि पाणक्याची बायको लेकरं घेऊन शहर सोडून गेली. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मामा त्यानंतर कधी धड झोपला नाही. "साहेब येणार आहेत, तू रजा घे," मी त्याला विनवलं होतं. त्याच्या हातून काही विपरीत घडेल, याची मला धास्ती होती.

त्याने ऐकलं नाही.

निवृत्त साहेब माइकपुढे आले. बागेचा इतिहास सांगू लागले. आधी इथे खाण होती, मग डबकं, मग बाग, मग मैदान...

"आणि अभिमानाने सांगतो, या मातीवर आजवर कुणाला साधं खरचटलंही नाही!"

टाळ्या पडल्या. त्या थांबल्या, तरी माइकमधून एक आवाज येत राहिला...

पाणी. बारीक धारेचं.

"नळ बंद करा रे!" साहेब हसून म्हणाले. माळी धावत गेला आणि पडेल चेहऱ्याने परत आला.

"साहेब, सगळे बंदच आहेत."

झाडांवर पाखरांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला.

मी वळून पाहिलं. रोलरवर कुणी नव्हतं. मामा खाली उभा होता, किल्ली त्याच्या मुठीत.

फोटोवाल्याने साहेबांना मैदानात, रोलरच्या पुढ्यात नेलं. मीही मागोमाग गेले. "मातीला हात लावा, साहेब. झकास येईल." साहेब गुडघे टेकून वाकले... आणि दचकले.

"ओली कशी ही? अरे... हात निघत नाहीये माझा!"

फोटोवाल्याला गंमत वाटली. मला नाही.

मग रोलरच्या रिकाम्या बैठकीवरून कुणीतरी विचारलं...

"मोकळं का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तो आवाज ओळखला, शपथेवर सांगते. "नाही! थांब! मी आहे इथे!"

चाक हललं नाही. ते वाट पाहत होतं...

"मोकळं!"

पुढचं मी लिहिणार नाही.

पोलिसांनी रोलरचा भाग न् भाग तपासला. इंजिन गार होतं. टाकी कोरडी. मैदानाला उतार नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

पण उत्तर कुणी दिलं, ते मी पाहिलं होतं. ओठ मामाचे हलले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. तो निवांत चहा पीत होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्याची झोप झालेली दिसत होती.

"मामा, पाणक्याने तुझ्या तोंडून वदवून घेतलं ना रे?" देवा, हो म्हणू दे, असं झालं होतं मला.

"छे गं," तो म्हणाला. "त्याने विचारलं. मी नीट पाहिलं, आणि सांगितलं."

मामा माझा जीव आहे. तरी हल्ली त्याच्या घरी गेले, की मी त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.