खुराड्याला हात जोडणारा शेतकरी

"गमबुटांवरचं किमतीचं लेबलसुद्धा काढलं नाहीये त्यांनी," ताव कुजबुजला.

बारा वर्षांची मुक, तिचा मामेभाऊ ताव आणि तावची धाकटी बहीण ऊन बांधामागे पालथी पडली होती. ऑक्टोबरची सुट्टी होती. निघाली होती खेकडे पकडायला, पण समोर भातात उभे राहून वीरायुतकाका फोटो काढून घेत होते. शेत काकांचं होतं खरं, पण काकांचं मोबाइलचं दुकान खोन केन शहरात. शेत खंडाने कसायची मुकची आई, सायफिन.

"विळा उलटा धरलाय," ऊन म्हणाली.

मुक मात्र हसली नाही. "सरकार भात पिकवणाऱ्याला अनुदान देतं ना, ते याही वर्षी काकाच घेणार. उद्या कृषी अधिकारी पाहणीला येणार आहेत."

"मग आत्या बोलत का नाही?"

"बोलली तर शेत काढून घेतील. आणि अनुदान नाही मिळालं, तर आई बँकॉकला कारखान्यात जाणार. बॅग भरून ठेवलीय तिने."

मग मुक हळूच म्हणाली, "ऊन, तुझी कोंबडी अजून अंड्यांवर बसलीय?"

"हो. जवळ गेलं की चोचते."

"छान. तिचं खुराडं उद्या या बांधावर ठेवायचं."

"पण आत्या म्हणते खोटं बोलायचं नाही," ताव म्हणाला.

"खुराडं कुठे काय बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी अधिकारी ओराथाईबाई आल्या. काकांनी आणलेल्या भाजलेल्या कोंबडीकडे बघत गावप्रमुख खामसिंगआजोबा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. सायफिन मागे उभी होती.

"लावणी कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"मीच. या हातांनी," काका म्हणाले.

"मग ता-हेकलाही तुम्हीच पुजलं असेल ना, काका?" मुकने भाबडा चेहरा केला. "शेताच्या त्या राखणदाराच्या कोपऱ्यात पहिली रोपं लावणाऱ्यानेच लावायची असतात ना?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. बांधावर देवळासारखं पिवळ्या छपराचं छोटंसं घर दिसलं. वर झेंडूची फुलं; कोंबडीला आवडतात म्हणून ऊनने ठेवलेली.

"हे काय, इथे तर आहे!" काकांनी गमबूट काढले, गुडघे टेकले, हात जोडले. "राखणदारा, दरवर्षी तुझ्याच पायाशी पहिलं रोप लावतो." मग चिकटभाताचा गोळा त्यांनी श्रद्धेने आत सरकवला.

आतून "क्वाक" असा आवाज आला. पाठोपाठ काकांची किंकाळी आली.

"तुमच्या राखणदाराने अंडी घातलीत," ओराथाईबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि या कोरड्या बांधावर रोप कुठे लावलंत? मीही भातवाल्यांचीच मुलगी आहे. खरा ता-हेक कुठाय?"

सायफिन चपला काढून चालू लागली. लांबच्या कोपऱ्यात तिने भात अलगद बाजूला केला. आत बांबूच्या काड्यांचं चिमुकलं कुंपण होतं, आणि त्यात सर्वांत आधी लावलेली, भरल्या लोंब्यांची रोपं. तिने आधी हात जोडले, मग बोलली. "लावणी मी केली, बाई."

"आता अनुदान तुमच्याच नावावर लागेल," बाई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला देतो मी," बोट चोखत काका पुटपुटले.

"द्या की," खामसिंगआजोबांनी कोंबडीची तंगडी खाली ठेवली. "राखणदार सोडून खुराड्याला हात जोडणाऱ्या मालकाच्या शेतात नांगर कोण घालतो, बघू. तुमचे बूट नवेच आहेत म्हणा."

काकांनी बुटांवरच्या लेबलाकडे पाहिलं. त्यांना चिखल दिसला, जळवा दिसल्या. "सायफिन, पुढच्या वर्षीही तूच कर," ते घाईघाईने म्हणाले.

आजोबा मुलांकडे वळले. "मी नुसती मान डोलावत होतो, आणि तुम्ही डोकं चालवलंत. शाबास रे. कल्पना कुणाची?"

"मुकची," ताव म्हणाला. "मेहनत कोंबडीची."

संध्याकाळी सायफिनने बँकॉकची बॅग रिकामी केली. ऊनने ती लगेच मागून घेतली. काकांनी हात जोडल्यापासून कोंबडी साध्या खुराड्यात बसायला तयार नव्हती.