घोटा, गुडघा, कंबर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते की ज्या घरात हे घडलं, त्या घरात मी महिना महिना राहून आले आहे. आणि जिच्या बाबतीत घडलं, ती माझी सख्खी थोरली बहीण. ताईला थापा मारता यायच्या नाहीत. लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी तीच आधी जाऊन सांगायची.

साल एकोणीसशे अडुसष्ट. पावसाळ्याचा तिसरा महिना. गुरुवार.

वेळ दुपारी तीनची.

भुतं रात्रीच येतात, असं लोक समजतात. हे भरदिवसा घडलं.

ताईचं घर नदीकाठच्या नव्या वसाहतीत होतं. बारा घरं, उतारावर एकाखाली एक, नदीकडे जाणारी. ताईचं सगळ्यांत वरचं. शिंप्याचं सगळ्यांत खालचं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मोजणी खात्यात. या जागेची मोजणी त्यांनीच केलेली. नवं कोरं घर, पांढऱ्याशुभ्र भिंती, मागे पेरूचं रोप. ताईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

वसाहतीच्या आधी तिथे नुसतं कुरण होतं. कुरणात एक काळा दगड होता, माणसाच्या छातीएवढा उंच. फार पूर्वीचा मोठा पूर त्या दगडाला टेकून परत फिरला होता म्हणे. तेव्हापासून म्हातारी माणसं सांगायची, दगडाच्या वरचं माणसाचं, खालचं नदीचं.

ताई राहायला गेली तेव्हा तो दगड शिंप्याच्या घराच्याही खाली होता. म्हणजे बाराही घरं दगडाच्या वर. काळजीच नको.

आणि तिथे एक म्हातारा असायचा. नदीचं पाणी मोजायला पाटबंधारे खात्याने ठेवलेला. त्याला सगळे मोजेबुवा म्हणत. हातात उंच बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी टोपण. सकाळ-संध्याकाळ तो घाटाच्या एका ठरलेल्या पायरीवर उभा राहायचा. कागदावर फूट आणि इंच लिहायचा, पण काठावरच्या लोकांना ओरडून सांगायचा ते वेगळंच. घोटा. गुडघा. कंबर. जिथवर पाणी लागेल तिथवर.

त्यामुळे घड्याळ नसलं तरी चालेल, पण मोजेबुवा हवा, असं ताईच्या सासूबाई म्हणायच्या. त्या आधीपासून त्याच गावात राहिलेल्या. जिभेने तिखट, गुडघ्यांनी अधू, त्यामुळे कुरणाकडे कधी न फिरकलेल्या. बाकीची घरं सगळी बाहेरगावहून आलेली.

घरं उठली त्याच वर्षी मोजेबुवा वारला. झोपेतच गेला. खात्याने दुसरा माणूस नेमला नाही.

पहिली खूण भर उन्हाळ्यातली.

ताई सकाळी उठली, तर दारातल्या चपला दारात नव्हत्या. सगळ्यांच्या चपला मागच्या खोलीच्या कोपऱ्यात. त्यांच्यासोबत दोऱ्याचं रीळ, लाकडी उलथणं आणि बाळाचा चेंडू. बाळ, म्हणजे माझा भाचा, तेव्हा दोन वर्षांचा. त्याचेच उद्योग म्हणून ताईने सामान जागेवर लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली...

सकाळी कडी तशीच. आणि चपला कोपऱ्यात, उपड्या.

सासूबाईंनी पायाने फरशी चाचपली. मग म्हणाल्या, "अगं, हे कुणी ठेवलेलं नाही. हे तरंगत आलंय. पाणी ओसरलं की हलकं सामान असंच कोपऱ्यात साचतं."

पण फरशी कोरडी ठणठणीत होती.

मग भिंतीवर रेघ आली.

ओलीची रेघ. छातीएवढ्या उंचीवर, चारही भिंतींवरून गेलेली. ताईने चुना फासला. आठवड्यात रेघ परत. पुन्हा चुना, पुन्हा रेघ. ताई भाऊजींना म्हणाली, ओल अशी सरळ कशी येते हो? ओल म्हणजे काही पट्टी घेऊन बसलेली शाळामास्तरीण नव्हे.

भाऊजी हसले नाहीत.

त्या रविवारी त्यांनी कचेरीतली मोजणीची दुर्बीण घरी आणली. तिपाई उभी केली. रेघ तपासली. केसाइतकाही फरक नव्हता. मग काहीतरी निमित्त काढून ते एकेका घरात जाऊन आले. रेघ प्रत्येक घरात होती. उतार जसा खाली जाई तशी ती भिंतीवर वर चढत होती. सातव्या घरात ती दाराच्या चौकटीवरून गेली होती.

शिंप्याच्या घरात रेघच नव्हती. भाऊजींनी वर पाहिलं...

अख्खं छत ओलं होतं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ताईने विचारलं तर म्हणाले, बांधकाम कच्चं आहे, दुसरं काही नाही.

पाऊस लागला. तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी बाळ झोपलं होतं, सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आणि अंगणातून आवाज आला.

टक्...

टक्...

लोखंडी टोपणाचा. मग एक सावकाश हाक.

"घोटा..."

ताईने दार उघडलं. अंगणात कुणी नाही. नदी आपली काठाच्या खूप आत.

मंगळवारी, त्याच वेळेला, "गुडघा." बुधवारी, "कंबर."

सासूबाईंनी तांदळातून मानही वर केली नाही. "बारा वर्षं ऐकलाय हा आवाज. मेला तरी वेळेवर येतोय बघ. तुझा नवरा जिवंत असून कधी वेळेवर आला नाही."

ताईला हसू आलं. मग तिने दाराला कडी घातली.

गुरुवारी सकाळपासून पावसाने उसंत घेतली नव्हती. तीन वाजले. हाक आली ती अंगणातून नाही...

घरातून आली. मधल्या खोलीतून.

"छाती."

ताईने वळून पाहिलं. भिंतीवरच्या रेघेतून पाण्याचे थेंब फुटत होते. एका ओळीत, चारही बाजूंनी. आणि बेडूक थांबले होते. पाऊस पडत होता, पण बेडूक गप्प, गुरं गप्प.

भाऊजी त्याच वेळी भिजून आत आले. ताईने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. ते उंबऱ्यावर बसले. बूटही काढले नाहीत.

"दगड मी हलवलाय," ते म्हणाले.

मग भडाभडा बोलत सुटले. वसाहतीला जागा कमी पडत होती. दगडाच्या वर जेमतेम दोन घरं मावत होती, आणि ती जागाही दुसऱ्याची. वरच्या साहेबांनी सुचवलं, यांनी केलं. आठ गडी लावून एका दुपारी दगड उपटला आणि चारशे पावलं खाली नेऊन पुरला. नकाशावर सही केली. मोजेबुवा बाजूला उभा राहून सगळं बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला होता, "साहेब, दगडाला पाय तुम्ही दिलेत. पाण्याला आधीपासून आहेत."

ताईचं त्यांच्यावर फार प्रेम होतं. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, सगळ्यांना सांगा. आत्ता.

भाऊजी म्हणाले, नोकरी जाईल. तुरुंगातही जाईन. नदी अजून काठाच्या आत आहे. पाऊस ओसरला की सांगतो.

"ओसरल्यावर ऐकायला कोण उरेल हो?" ताई म्हणाली.

बाळ जागं झालं होतं. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि स्वतःचा हात स्वतःच्या गळ्याला लावला.

भाऊजी उठले. छत्रीसुद्धा घेतली नाही.

ताई बाळाला कडेवर आणि सासूबाईंना हाताशी धरून टेकडीवरच्या शाळेत पोचली. मागोमाग एकेक घर येत गेलं. कुणी गाठोडं घेऊन, कुणी नुसतंच. शेवटी शिंपी आला, डोक्यावर मशीन घेऊन. त्याने शाळेच्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली वसाहतीत नदीच्या वरच्या खोऱ्यातलं पाणी शिरलं.

आवाज मोठा नव्हता. ताई म्हणायची, कुणीतरी मोठी चादर ओढून घ्यावी तसा.

बाराही घरांची माणसं शाळेत होती. भाऊजी नव्हते.

ताईने शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब माझ्याकडे आले होते की. दोघंही आले होते."

दोघं कोण?

"तो काठीवाला म्हातारा. दारं तो ठोठावत होता, बोलत साहेब होते. मी निघालो तेव्हा दोघं खाली दगडाकडे गेले."

शिंपी त्या गावात नवीन होता. त्याने मोजेबुवाला कधी पाहिलेलं नव्हतं.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. ताईच्या घरात ते बरोबर रेघेपर्यंत आलं होतं. आणि काळा दगड...

काळा दगड वर होता. कुरणातल्या त्याच्या जुन्या जागी. आठ गड्यांनी उचललेला दगड, सरळ उभा. बुडाशी माती ठोकून बसवलेली. तिच्यावर बुटांच्या एका जोडीचे ठसे, आणि शेजारी लोखंडी टोपणाची गोल भोकं.

भाऊजी कधीच सापडले नाहीत.

सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या. रोज दुपारी तीनला त्या तांदूळ निवडायचं थांबवून कान द्यायच्या. शिंप्याने टेकडीवर दुकान काढलं, त्याचा मुलगा अजून चालवतो. वरच्या साहेबांना बढती मिळाली. ताईने शाळेत नोकरी धरली आणि बाळाला वाढवलं. तिने कुंकू लावणं सोडलं नाही. गेल्या साली ती गेली, तेव्हाही तिच्या कपाळावर ते होतं.

बाळ आता साठीला आला. त्याने मला त्याच्याकडे राहायला आणलंय. त्याच कुरणावरची नवी इमारत, तळमजला, माझे गुडघे दुखतात म्हणून. खिडकीतून नदी दिसते, लांब. दगडाचं विचारलं तर तो म्हणाला, मावशी, पार्किंग करताना काढला असेल कुणीतरी.

सध्या उन्हाळा आहे. तीन महिन्यांत पावसाचा थेंब नाही.

काल मी चपला कॉटखाली काढून ठेवल्या होत्या.

आज सकाळी त्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात होत्या.

उपड्या.