चांगले स्टूल कसे ओळखावे

सुतारकामाच्या सरांनी वर्गाचे दार आतून उघडावयास आणि विज्ञानाच्या बाईंनी ते बाहेरून ढकलावयास एकच गाठ पडली, आणि बाईंच्या हातातील मोडके स्टूल थेट सरांच्या पायावर आदळले.

"अगबाई... लागलं का हो?"

"कुणाला? मला की स्टुलाला?"

बाई हसल्या. ताज्या भुशाचा सुगंध दरवळत होता, आणि सरांस वाटले, हे हास्यही त्यातच मिसळून गेले.

सर स्टुलाचा निखळलेला पाय न्याहाळू लागले. तोवर बाईंची दृष्टी एका मुलीवर स्थिरावली. स्वतः बनवलेल्या स्टुलावर खडूने लिहिलेला सहाचा आकडा ती तळहाताने पुसू पाहत होती.

"सहाच का गं?"

"ते सरांनाच ठाऊक, बाई."

"आणि दहा कशाला मिळतात?"

"तेही सरांनाच."

वर्गात खसखस पिकली. सरांचे कान आरक्त झाले. "हात फिरवला की कळतं, बाई."

"तुमच्या हाताला कळतं हो. तिच्या हाताला कधी कळायचं?"

हे शब्द सरांच्या अंतःकरणात रुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उत्तम व एक सदोष स्टूल मुलांपुढे ठेविले आणि चांगले कोणते, ते का, हे त्यांनाच विचारले. मुले सांगत गेली, सर फळ्यावर लिहीत गेले. डुगडुगू नये. हाताला टोचू नये. सांध्यात नख शिरू नये. एक गुटगुटीत मुलगा म्हणाला, "माझे आजोबा न घाबरता बसले पाहिजेत." तेही लिहिले गेले. त्यानंतर प्रत्येक मूल प्रथम आपले काम आपणच तपासू लागले. ती सहा गुणांची मुलगी तर आपण होऊन म्हणाली, "सर, हा सांधा मी परत करते."

हा नवा प्रकार पाहण्यास बाई वरचेवर येऊ लागल्या आणि सर त्यांच्या प्रेमात पडले. परंतु ओठ काही उघडेनात. प्रयोगशाळेचे स्टूल दुरुस्तीस आले की ते आपले सर्व हृदय त्यात ओतीत... आणि स्टूल मुकाट्याने परत धाडीत.

असे वर्ष सरले. एके दिवशी मधल्या सुटीत बाई आल्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"रविवारी मला बघायला येणारेत. बाबा म्हणतात, मनात दुसरं काही असेल तर आजच सांग."

सरांचा रंधा फळीत अडकला. "मग... काय सांगणार?"

"सांगण्यासारखं असतं, तर इथे कशाला आले असते?"

"असं कसं? ती स्टुलं..."

"कुठली स्टुलं?"

"तुमची. पॉलिशचे तीन-तीन हात दिले मी. बाकीच्यांना नुसता खिळा ठोकून देतो."

बाई पाहतच राहिल्या. "मला वाटलं, आमच्याकडे मोडतोड फार होते म्हणून तुम्ही टोमणा मारताय. पोरांना रागावलेसुद्धा मी."

"टोमणा?"

"मग काय समजायचं? मुलांना फळ्यावर लिहून देता. मी मात्र आपलं आपण ओळखायचं... आणि नाही ओळखलं तर नापास."

सरांनी रंधा बाजूस ठेविला. "स्पष्ट सांगतो. मला तुमच्याशी लग्न करायचंय. आता माझं मीच तपासतो. बोलायला फार वेळ लावतो. पटाशीची धार कुणी घालवली की चिडतो. आईला कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळतं."

"चांगलं काहीच नाही?"

"भाजी बरी करतो. आणि चुकलं की... परत करतो."

"माझंही ऐका मग. सकाळी मला उठवत नाही. भांडताना मी मागचं सगळं उकरून काढते. चहा ठेवते नि विसरते."

"चालेल."

"लगेच चालेल काय? विचार करा जरा."

"केलाय. वर्षभर तेच केलं."

बाईंनी त्यांच्या बाहीवर चिकटलेली लाकडाची ढलपी अलगद काढली. सरांनी हळूच विचारले,

"किती... किती गुण?"

"गुण नाही देत. सुधारणा सांगते." त्यांचा स्वर हळुवार झाला. "रविवारच्या लोकांना मी नाही म्हणून कळवते. तुम्ही संध्याकाळी घरी या, आईंना घेऊन. आणि बाबांसमोर स्टुलांचं काही काढू नका. आत्ता जे बोललात ना... ते बोला."